अंबाडी, पुंडी, गोंगुरा

"एकदा वन्संना बघून येऊ या," असं अव्वा स्वतःहून म्हणाली, तेव्हा घरात सगळेच चपापले. आईला आम्ही भावंडं अव्वाच म्हणतो. तिचं माहेर कानडी. १९६४ साली ती बीदरला आमच्या मराठी घरात सून म्हणून आली, तेव्हा माहेरपणाला आलेली आत्या सगळ्यांदेखत म्हणाली होती, "हिच्याशी आम्ही बोलायचं तरी कोणत्या भाषेत?" ते वाक्य अव्वाने मनात धरून ठेवलं. लग्नकार्यात दोघी भेटत, पण आत्याच्या घरी अव्वा कधी गेली नाही. आता आत्या सत्त्याऐंशीची. पाय मोडल्यापासून खाटेवरच असते.

तिचं घर आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूरला. पहाटे पाचला बीदर सोडलं. गाडी भाचा चालवत होता. उदगीर, देगलूर मागे पडलं. दोन्हीकडे नजर पोचेल तिथवर काळं रान, तूर आणि फुटू लागलेला कापूस. बिलोलीच्या पुढे गोदावरी ओलांडली, बासरला सरस्वतीचं दर्शन घेतलं.

आता पाट्या तेलुगू झाल्या. आम्हा दोघांना अक्षर कळेना. तेवढ्यात मागून अव्वा एकेक पाटी अडखळत वाचू लागली. कन्नड आणि तेलुगू लिपी म्हणजे सख्ख्या बहिणीच. "भैंसा डावीकडं," ती म्हणाली, आणि त्यानंतर रस्ता तिनेच दाखवला.

निर्मळनंतर मैदान संपलं. मोठा रस्ता सोडून मुद्दाम जुन्या महबूब घाटाने चढलो. सागाचं रान, वळणं, आणि समोर सातमाळ्याचे डोंगर. नेरेडिगोंड्याजवळ कुंटाल्याचा धबधबा आहे, पण पायऱ्या उतरणं अव्वाला झेपणारं नव्हतं.

आत्याचं लग्न १९५४ सालचं. तेव्हा बीदर आणि आदिलाबाद दोन्ही हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला त्या राज्याचे तीन वाटे झाले. बीदर म्हैसूरकडे गेलं, आदिलाबाद आंध्रकडे. बीदर जिल्ह्यातलं उदगीर आणि आदिलाबादचे किनवट, राजुरा तालुके मुंबई राज्यात आले. पुढे २०१४ ला तेलंगण झालं, २०१६ ला आदिलाबादचे चार जिल्हे झाले. आत्याचं घर जागच्या जागीच राहिलं.

संध्याकाळी पोचलो. अव्वा दारातच थांबली. आत्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाली, "बा, कूडु. ऊटा आयतेनु?"

ये, बस, जेवलीस का? स्वच्छ कानडी. आत्याचं बालपण बीदरचं. तिला कानडी तेव्हाही येत होतं.

अव्वाने विचारलं ते मराठीत. "वन्सं, मग तेव्हा का नाही बोललात?"

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. "तेव्हा माज होता, वहिनी. आता माझी पणतवंडं तेलुगूत बोलतात, हसतात. मी नुसती तोंडं बघत बसते. तेव्हा तुझं काय झालं असेल ते आता कळतंय."

अव्वा काही बोलली नाही. पिशवीतून शेंगाची चटणी काढून तिने खाटेवर ठेवली.

रात्री ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी होती. पणतू म्हणाला "गोंगुरा", आत्या म्हणाली "अंबाडी", अव्वा म्हणाली "नम्म पुंडी पल्या." पोरगं हसलं. मग तिघांनी एकमेकांचे शब्द म्हणून पाहिले. आत्या बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली, असं सूनबाई म्हणाल्या.

आपल्या सीमाभागातल्या घरांत दोन भाषा एकाच चुलीवर शिजतात. तुमच्याही घरात असं एखादं जुनं वाक्य अडकलेलं असेल, तर ते माणूस असेपर्यंत जाऊन या.

सकाळी निघायची तयारी केली, तर अव्वाची पिशवी खाटेखाली तशीच.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी आठ दिवस राहते."