गरी टाकण्याआधी तिथी बघा

नारळी पौर्णिमा तोंडावर आली आहे. दर्याला नारळ पडला की मिऱ्यापासून मालवणापर्यंत गरी आणि पाग घेऊन माणसं खडपांवर उतरू लागतील. त्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे: घरातून निघण्याआधी कॅलेंडरात तिथी बघा.

पौर्णिमा म्हणजे उधाण. सुकतीला पाणी खूप आत जातं, एरवी न दिसणारी खडपं उघडी पडतात आणि मोठ्या माशाच्या आशेनं माणूस पुढे पुढे सरकतो. तेच पाणी मग तेवढ्याच जोरानं परत फिरतं. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीला 3 ने गुणून 4 ने भागलं की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानानं कळते. पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे पूर्ण ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास. चढणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मं पाणी तिसऱ्या-चौथ्या तासात चढतं, म्हणजे सकाळी सात ते नऊ. नेमका तेव्हाच मासा गरीला लागत असतो, म्हणून कुणी जागचं हलत नाही.

पाणी समोरूनच येईल या भरवशावर राहू नका. पुढे वाळूचा उंचवटा असेल, तर त्याच्या मागच्या सखल भागात ते आधी शिरतं. तुमचं तोंड समुद्राकडे, आणि परतीची वाट पाठीमागे बुडालेली! खडपावर पाय ठेवण्यापूर्वी खाली नजर टाका. दगडाला कालवांची धारदार कवचं चिकटलेली दिसली, तर भरती तिथवर येते हे नक्की. लाट त्याच्याही वर जाते. हिरव्या शेवाळावर तर उभंच राहू नका. आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला, तरी दूर दक्षिणेकडच्या वादळांनी उठवलेल्या लाटा आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था त्यांचा इशारा देते, तो वाचूनच निघा. एकट्यानं जाऊ नका, अंगात लाइफ जॅकेट हवंच.

कुणी पाण्यात पडलं तर मागोमाग उडी घेऊ नका. दोर फेका, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका आणि लगेच 112 किंवा तटरक्षक दलाच्या 1554 या क्रमांकावर फोन करा.

तिसऱ्या-मुळे काढणाऱ्या गावच्या बाया पाणी वळलं की टोपली उचलतात. त्या निघाल्या की तुम्हीही निघा.