प्रेमळ, मनमिळाऊ... आणि पुढे?

होस्टेलच्या रीडिंग रूममध्ये पेपर आला की आधी मागचं पान उघडतं, म्हणजे क्रिकेट. मग सिनेमा. आतल्या पानावरच्या निधनवार्ता कोणी वाचत नाही. मित्रांनो, एकदा वाचून बघा. आजोबा गेले असतील तर लिहिलेलं असतं : अमुक खात्यातून निवृत्त, तमुक पतसंस्थेचे माजी अध्यक्ष, भजनी मंडळाचे आधारस्तंभ. आणि आजी गेल्या असतील तर? ‘वृद्धापकाळाने निधन, वय ८६. प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. पश्चात मुलगे, मुली, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा मोठा परिवार.’ संपलं! शहाऐंशी वर्षं चार ओळींत, आणि त्यातल्या दोन ओळी इतरांच्याच.

यातलं काही खोटं आहे असं मी म्हणत नाही. आजी प्रेमळ असतातच. माझी तक्रार वेगळी आहे. ‘प्रेमळ’, ‘सोशिक’, ‘त्यागमूर्ती’ हे शब्द एकदा वापरले की पुढे काही विचारायची गरजच उरत नाही. हार घातला, नमस्कार केला, विषय बंद. त्या बाईने नेमकं केलं काय, किती केलं, तिला ते आवडलं का, हे सगळं त्या हारामागे झाकून जातं.

आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा आधी आकडेमोड करू. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं आढळलं की घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि हे काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. (जे करतच नाहीत ते यात धरलेले नाहीत, हे लक्षात घ्या!) आता २८९ मिनिटं रोज, आणि वीस ते ऐंशी अशी साठ वर्षं. गुणाकार केला की साधारण १,०५,००० तास होतात. कारखान्यातली पाळी आठ तासांची आणि वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले तर ही झाली जवळजवळ ४४ वर्षांची नोकरी. वीकली ऑफ नाही, पीएफ नाही, सेंड-ऑफ नाही. आणि हा आजच्या सरासरीने काढलेला ढोबळ अंदाज आहे. आपल्या आज्यांच्या वेळी गॅस नव्हता, मिक्सर नव्हता, नळ घरात नव्हता. बाळंतपणं, आजारपणं आणि रात्रीची जागरणं तर वेगळीच.

हे सगळं देशाच्या हिशोबात कुठे दिसतं? दिसत नाही. आपल्या मेसमधल्या त्या चामट चपात्या जीडीपीत धरल्या जातात, कारण मेसवाल्याला आपण पैसे मोजतो. घरची मऊ पोळी धरली जात नाही! शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी पिकवलेला तांदूळही राष्ट्रीय उत्पन्नात मोजतात. पण तो निवडून, धुऊन, शिजवून ताटात वाढला की तिथून पुढचे कष्ट हिशोबाबाहेर. नियमच तसा आहे.

कोर्टाला मात्र कधीकधी आकडा काढावाच लागतो. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागून बरीच माणसं गेली. त्यात गृहिणीही होत्या. त्यांची भरपाई कशी ठरवायची? २००१ साली लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीच्या घरकामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली. ६२ ते ७२ वयाच्या बायकांसाठी वर्षाला २०,००० रुपये. म्हणजे आजीचे महिन्याला सतराशेच्या आसपास. कोर्टाची यात चेष्टा करायची नाही. निदान त्यांनी आकडा शून्य नाही हे तरी सांगितलं. पुढे २०१० साली दुसऱ्या एका निकालात याच न्यायालयाने जनगणनेवर नाराजी व्यक्त केली, कारण २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर ‘काम न करणारे’ या एकाच रकान्यात बसवलं होतं.

पण नुसत्या तासांनी आणि रुपयांनी माणूस कळत नाही. त्यासाठी त्या बाईलाच बोलतं करावं लागतं. याचं एक छान उदाहरण आपल्या कोकणातलंच आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याला माहीत असतात : फर्ग्युसनमधले गणिताचे प्राध्यापक, विधवांसाठी काढलेला आश्रम, १९१६ चं महिला विद्यापीठ, १९५८ साली भारतरत्न. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, किती जणांना माहीत आहेत? देवरुखच्या जोशांची गोदू. लहानपणीच लग्न, लहानपणीच वैधव्य. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या, आणि १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह केला. जोडपं मुरुडला गेलं तर गावाने बहिष्कार टाकला. तिथून पुढे बायांनी संसार केला. अण्णांच्या पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ, मग स्वतःची मुलं, शिवाय घरी आसऱ्याला येणाऱ्या विधवा. अण्णांच्या पगाराचा ओढा संस्थेकडे, आणि घरची चूल चालवायची बायांनी. अण्णांनी आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा संस्थेला देऊन टाकली, तेव्हा बायांनी गोड हसून मान डोलावली नाही. मुलाबाळांच्या आईने भांडावं तशा त्या भांडल्या.

हे आपल्याला कळतं, कारण म्हातारपणी बायांच्या आठवणी ‘माझे पुराण’ या नावाने १९४४ साली पुस्तकरूपाने आल्या. संपादन केलं सूनबाई कावेरीबाई कर्वे यांनी. १९५० साली बाया गेल्या. ते पुस्तक झालं नसतं तर त्यांच्या नावापुढे काय उरलं असतं? ‘महर्षींच्या पतिपरायण पत्नी’, बस्स. आता पतिपरायण तर त्या होत्याच, नाहीतर आयुष्यभर हे कोण निभावेल! पण ती निष्ठा भांडणारी होती, हिशोब मागणारी होती. मला तरी ती जास्त मोठी वाटते.

इथे कोणी म्हणेल, मग घरात रमलेली बाई म्हणजे बिचारीच का? अजिबात नाही. त्याच घरातल्या दुसऱ्या सूनबाई इरावती कर्वे, मोठ्या मानववंशशास्त्रज्ञ. ‘परिपूर्ती’ नावाच्या त्यांच्या लेखात, सभेत अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी ओळख झाल्यावर त्यांना काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. ते पुरं होतं रस्त्यावरच्या पोरांनी ‘कर्व्याची आई’ म्हणून ओळखल्यावर. एवढ्या विदुषीला ‘आई’ या ओळखीत कमीपणा वाटला नाही. पण लक्षात घ्या, हे तिने स्वतः सांगितलं. आपण तिच्या वतीने ठरवलं नाही. फरक एवढाच आहे, आणि तो छोटा नाही.

आता पनवेलकडे या. आपलं कॉलेज ज्या भागात आहे तिथे १९७० साली सिडको स्थापन होण्याआधी भातशेती होती, मिठागरं होती, खाडीची मासळी होती. लावणीला चिखलात वाकलेल्या बायका होत्या. जमिनी संपादन झाल्या तेव्हा मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळाला, आणि ते नाव बहुतेक पुरुषाचंच. १९८४ च्या जासईच्या आंदोलनाच्या आठवणी गावागावांत सांगतात, त्यात पुढाऱ्यांची नावं येतात. त्या दिवशी घरी पोरांना पोटाशी धरून बसलेली बाई आज आजी झालेली आहे, आणि आपल्या लोकल मित्रांच्या घरी ओट्यावर बसून कोलीम निवडते आहे. तिला कोणी विचारलेलंच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पनवेल स्टँडवरून चिपळूण, देवरुख, सावंतवाडीच्या गाड्या पकडाल तेव्हा बॅगेत एक वही टाका. मोबाइलवर रेकॉर्ड केलंत तरी चालेल. आजी आधी म्हणणार, ‘माझ्यात काय रे लिहिण्यासारखं? आजोबांचं विचार.’ तिथे थांबू नका. मोठे प्रश्न नकोत. लग्न होऊन आलीस तेव्हा घरात खाणारी तोंडं किती होती? पाणी कुठून आणायचीस, दिवसाला किती खेपा? १९७२ च्या दुष्काळात रेशनवर काय मिळायचं? पहिले स्वतःचे पैसे हातात कधी आले, आणि त्याचं काय केलंस? आणि हळूच, आजोबा जवळपास नसताना : तुला आणखी काय करायचं होतं?