आराखड्यापूर्वीचा विचारविनिमय

कारखान्यात वा कचेरीत नवी योजना आखली जाते, तेव्हा ती ज्यांनी राबवावयाची त्यांनाच बहुधा सर्वांत शेवटी विचारले जाते. आराखडा पक्का होतो, यंत्रांची मागणी नोंदविली जाते आणि मग सहकार्याचे आवाहन करणारे परिपत्रक निघते. वास्तविक ही विचारणा नव्हे. झालेल्या निर्णयाची ती केवळ वर्दी होय.

या पद्धतीची किंमत मुंबईने फार पूर्वी मोजली आहे. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, अशा स्वरूपाचे बदल गिरणीमालकांनी लादू पाहिले आणि १९२८ साली सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर राहिले. अखेर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीपुढे दोन्ही पक्षांना आपापली बाजू मांडावी लागली. म्हणजे जी चर्चा आरंभी व्हावयास हवी होती, ती टळली नाहीच. सहा महिन्यांच्या उपासमारीनंतर झाली, इतकेच.

अहमदाबादचा अनुभव याहून निराळा आहे. तेथील कॅलिको गिरणीत स्वयंचलित माग आले, तरी अपेक्षित फळ मिळेना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी गटाने काम करण्याची कल्पना चर्चेस ठेवली. पर्यवेक्षक व कामगार यांनी ती उचलून धरली आणि गटही कामगारांनीच बनविले. यंत्रे तीच राहिली. उत्पादन वाढले व सदोष कापड घटले. येथेही माग आधी आले होते, हे खरे. परंतु कामाची नवी घडी बसविताना ते चालविणाऱ्यांचे ज्ञान उपयोगी पडले.

अशा चर्चेत वेळ जातो, हा आक्षेप खोटा नाही. तथापि कागदावरील रेघ खोडणे हे बांधलेली भिंत पाडण्यापेक्षा केव्हाही स्वस्तच. शिवाय सल्ला घेणे म्हणजे निर्णयाचा अधिकार सोडून देणे नव्हे.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर वा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी कार्यसमित्यांची तरतूद केली. २०२० च्या संहितेतही ती आहे. व्यवस्थापनातील कामगारांच्या सहभागाचे तत्त्व १९७६ मध्ये राज्यघटनेतही आले. परंतु समितीपुढे केवळ उपाहारगृहाचे आणि पिण्याच्या पाण्याचे प्रश्न येणार असतील, तर तिचा उपयोग तो काय? यंत्राची मागणी नोंदविण्यापूर्वी योजनेचा कच्चा मसुदा कामगार, कारकून व पर्यवेक्षक या सर्वांपुढे आला, तरच त्या तरतुदीला अर्थ राहील.