टक्क्यांवरून स्टेंट नको

‘सत्तर टक्के ब्लॉकेज आहे, स्टेंट टाकून मोकळे व्हा,’ असं रुग्णाला डॉक्टर सांगतात आणि नातेवाईकही. अँजिओग्राफीत धमनी अरुंद दिसली म्हणजे रक्त अडलं, हे त्यामागचं गृहीतक. ते चुकीचं आहे. अँजिओग्राफीत दिसते ती धमनीच्या पोकळीची सावली. पलीकडच्या स्नायूला रक्त पुरतं का, हे तिच्यावरून ठरत नाही.

ते मोजता येतं. टोकाशी दाबमापक असलेली बारीक तार अडथळ्यापलीकडे न्यायची, ॲडेनोसिन देऊन प्रवाह कमाल वाढवायचा आणि तिथल्या दाबाला महाधमनीतल्या दाबाने भागायचं. निरोगी धमनीत उत्तर १ च्या आसपास येतं, ०.८० किंवा कमी आलं तर अडथळा खरा. निको पाइल्स आणि बर्नार्ड डी ब्रुईन यांनी रुजवलेल्या या मापाला एफएफआर म्हणतात. २००९ च्या ‘फेम’ चाचणीत ते वापरलं, तेव्हा पन्नास ते सत्तर टक्के दिसणाऱ्या अडथळ्यांपैकी ३५ टक्केच रक्त अडवणारे निघाले. एकाहत्तर ते नव्वद टक्के दिसणाऱ्यांतही पाचातला एक तसा नव्हता!

‘आज सोडलेला अडथळा उद्या जीव घेईल,’ ही भीती मी हलकी मानत नाही. पण ‘डिफर’ चाचणीने तिचं उत्तर दिलंय. माप चांगलं आलेल्या रुग्णांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला. धमनी न रुंदावलेल्यांत मृत्यू वाढले नाहीत आणि हार्ट ॲटॅक २.२ टक्क्यांना आला. रुंदावलेल्यांत १० टक्क्यांना. अर्थात स्टेंट टळला तरी औषधं टळत नाहीत, सिगारेट तर सोडायचीच.

तार महाग, हा आक्षेप एकाच बिलाकडे पाहतो. ‘फेम’मध्ये सरासरी स्टेंट २.७ वरून १.९ वर आले आणि वर्षभरात मृत्यू, हार्ट ॲटॅक किंवा पुन्हा शस्त्रक्रिया यांपैकी काही घडलेले रुग्ण १८.३ टक्क्यांवरून १३.२ वर. ॲडेनोसिनने छाती दाटते, हे खरं. पण त्याशिवाय मोजायची आयएफआर पद्धत २०१७ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत एफएफआरच्या तोडीची ठरली.

मोजमापालाही मर्यादा आहेत. हार्ट ॲटॅक घडवणारी बंद धमनी मोजत न बसता ताबडतोब उघडायची असते. तिन्ही धमन्या आजारी असताना एफएफआर पाहून घातलेले स्टेंट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फेम ३’ मध्ये बायपासची बरोबरी करू शकले नाहीत. पण प्रकृती स्थिर आणि अडथळा मध्यम असेल, तर स्टेंटला संमती देण्याआधी डॉक्टरांना एफएफआर किती आला ते विचारा. मोजलाच नसेल, तर का नाही, हेही विचारा.