चंद्रयान पाठ, चंद्र अनोळखी

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रयान-३चे विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात अलगद उतरले. त्या वेळी कोट्यवधी भारतीयांचे डोळे पडद्यांवर खिळलेले होते. खुद्द चंद्र तेव्हा भारताच्या आकाशात दक्षिणेच्या बाजूला होता, जवळजवळ अर्धा उजळलेला. जेथे पावसाळी ढग नव्हते, तेथे तो नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. त्या सायंकाळी किती घरांतील मुलांना गच्चीवर किंवा अंगणात नेऊन ‘तो बघ, तेथे उतरले’ असे दाखवले गेले असेल?

तेव्हापासून हा दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून साजरा होतो. बालवाडीतील मुले पुठ्ठ्याचे अग्निबाण करतात, लँडरचे नाव विक्रम आणि रोव्हरचे नाव प्रज्ञान हे खणखणीत आवाजात सांगतात. पालकांना त्याचे कौतुक वाटते आणि ते वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र त्याच मुलाला ‘काल चंद्र असाच होता का?’ असे विचारले, तर बहुधा ते गप्प होते. याचा दोष मुलाकडे जात नाही. त्याला चंद्राविषयी पुष्कळ सांगितले गेले आहे. चंद्र दाखवला गेलेला नाही.

पाच वर्षांच्या मुलाला घरी विज्ञान शिकवायचे, म्हणजे त्याच्या पदरात लवकर लवकर उत्तरे टाकायची, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात या वयात रुजवायची असते ती पाहण्याची, अंदाज बांधण्याची आणि तो पडताळून घेण्याची सवय. त्यासाठी चंद्रासारखे साधन नाही. तो फुकट आहे, महानगरातील खिडकीतून दिसतो आणि पाड्यावरच्या अंगणातूनही.

कृती अगदी साधी आहे. अमावास्येनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या सायंकाळपासून रोज एकाच जागी, एकाच वेळी उभे राहावे. मुलाने वहीत चंद्र जसा दिसेल तसा काढावा; शेजारी समोरचे झाड किंवा पाण्याची टाकी काढावी, म्हणजे जागा कळते. बाहेर पडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : ‘आज तो कालच्याच जागी असेल का?’ मूल जे सांगेल ते ऐकून घ्यावे, हसू नये, दुरुस्त करू नये. दुरुस्तीचे काम आकाश करते. चंद्र रोज थोडा भरतो आणि त्याच वेळी पाहिले तर रोज थोडा पूर्वेकडे सरकलेला असतो. ज्या दिवशी ढग असतील, त्या दिवशी वहीत ढगच काढावेत. ‘दिसला नाही’ हीसुद्धा नोंद आहे, आणि न पाहिलेले चित्र वहीत भरू नये, हा विज्ञानातील प्रामाणिकपणाचा पहिला धडा आहे.

पौर्णिमा उलटली की सायंकाळचा चंद्र ‘हरवतो’. मग एखाद्या सकाळी शाळेत जाताना मुलाला तो पश्चिमेकडे फिकट दिसतो आणि ते म्हणते, ‘तुम्ही तर सांगितले होते, चंद्र रात्रीच येतो!’ या क्षणी घराची परीक्षा असते. ‘उशीर होतोय, चल’ असे म्हणता येते. ‘माझे चुकले, तू पाहिलेस ते खरे’ असेही म्हणता येते. भारतीय घरांत वडीलधाऱ्यांचा शब्द सहसा शेवटचा असतो. पुराव्यापुढे तो शब्द मागे घेतला जाताना ज्या मुलाने पाहिला, त्याला वैज्ञानिक दृष्टिकोनाची व्याख्या वेगळी शिकवावी लागणार नाही. १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने हा दृष्टिकोन नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत आला. त्याचे पालन मात्र अशा एखाद्या सकाळी, दाराबाहेर सुरू होते.

‘आम्हालाच विज्ञान येत नाही’ ही पालकांची अडचण खरी आहे. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असे पुष्कळ सुशिक्षित प्रौढांनाही वाटते. ती सावली चंद्रावर फक्त चंद्रग्रहणात पडते. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावावा, पेन्सिलीच्या टोकाला लिंबू खोचून ते हात लांब करून डोक्याच्या किंचित वर धरावे आणि स्वतःभोवती सावकाश फिरावे. लिंबाचा अर्धा भाग सतत उजळलेलाच असतो. त्यातला आपल्याकडे कधी थोडा येतो, कधी सगळा. मुलासाठी हा खेळ आहे. कारण त्याला आजच कळले पाहिजे, अशी घाई नको. कळले तर ते आधी पालकाला कळेल, आणि त्यातही काही बिघडत नाही.

नावे आणि माहिती निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. शब्द हवेतच, पण ते पाहण्याच्या मागून यावेत. करवा चौथ, ईद, कोजागरी, संकष्टी यांच्या निमित्ताने या देशातील कितीतरी घरे आजही चंद्राकडे पाहतात. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा चंद्र त्यापुढच्या संकष्टीला दोन-तीन तास उशिरा का येतो, हा प्रश्न उपवास सोडण्यासाठी खिडकीशी थांबलेल्या आजीच्या शेजारी बसूनच पडू शकतो.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. २०२२च्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळातून शिकण्यावर भर दिला. २०२३ मध्ये त्यासाठी ‘जादुई पिटारा’ आला. हे सारे स्वागतार्ह आहे. पण सायंकाळचे आकाश शाळेच्या वेळेत नसते. ते घराच्याच वाट्याला आलेले आहे.

विक्रम आणि प्रज्ञान सौरऊर्जेवर चालत होते. म्हणून उतरण्याचा दिवस असा निवडला होता की त्या जागी नुकतीच सकाळ झालेली असावी आणि पुढे पृथ्वीवरचे सुमारे १४ दिवस ऊन मिळावे. वाढत्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांच्यामधली जी रेषा दिसते, ती चंद्रावरच्या सूर्योदयाची रेषा असते. जे मूल आज ती रेषा वाकड्यातिकड्या हाताने वहीत काढते, त्याला पुढे कधीतरी ही गोष्ट सांगितली तर ते लगेच ओळखेल : ही तर आपण पाहिलेली रेषा. ज्याने केवळ नावे पाठ केली, ते आणखी एक वाक्य पाठ करील.

पुढची अमावास्या कधी आहे, ते भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहावे. त्यानंतरच्या तिसऱ्या सायंकाळी मुलाचे बोट धरून बाहेर पडावे, पश्चिमेकडे तोंड करावे आणि पहिले पाच मिनिटे काहीही समजावून सांगू नये.