अंमलाची तारीख

गेल्या गणेशोत्सवात जयपूरच्या आम्हां मराठी मंडळींच्या एका बैठकीत विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातील कामगारांचा विषय सहज निघाला आणि तितक्याच सहजतेने मिटला. "युनियनवाल्यांनी मुंबईच्या गिरण्या बुडविल्या, येथे तरी ती पीडा नको," असे एका वयोवृद्ध गृहस्थांनी सांगितले. माना डोलल्या आणि मंडळी मोदकांकडे वळली. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत दहा-बारा वर्षे काढलेल्या कारकुनास गप्प बसणे शिकवावे लागत नाही. परंतु त्या मौनाची टोचणी अद्याप गेलेली नाही, म्हणून हा लेख.

औद्योगिक क्षेत्र म्हटले म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गिरणगाव उभे राहते: उंच धुराडे, पहाटेचा भोंगा, फाटकातून लोटणारा हजारोंचा लोंढा. सीकर रस्त्याला लागून पसरलेल्या आमच्या या क्षेत्रात तसे काही दिसत नाही. येथील रस्त्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. आणि त्या नंबरांच्या रस्त्यांवर ओळीने शेडी आहेत. कोठे ओतकाम, कोठे तारा, कोठे यंत्रांचे सुटे भाग. आमचे बिऱ्हाड जवळच मुरलीपुऱ्यात असल्यामुळे चौदा नंबरच्या पुलाजवळ चहा घेण्याचा आमचा रोजचा रिवाज आहे. तेथे भेटणाऱ्या एका बिहारी कामगारास आम्ही एकदा विचारले, तुमच्याकडे युनियन आहे काय? तो हसला. म्हणाला, "बाबूजी, रजिस्टर में हम बारह हैं।" उरलेले किती, हे त्यालाही नीट सांगता येईना, कारण ते ठेकेदाराचे होते आणि दर दोन-चार महिन्यांनी बदलत होते.

हा बारा आकडा ध्यानात ठेवावा.

डिसेंबर २०१३ मध्ये राजस्थानात सत्तांतर झाले, पाठोपाठ मे २०१४ मध्ये दिल्लीतही झाले. त्याच २०१४ साली या राज्याने कामगार कायद्यांत दुरुस्त्या केल्या. पूर्वी शंभर कामगार असलेला कारखाना बंद करण्यास सरकारची परवानगी लागे. ती मर्यादा तीनशेवर नेली. विजेवर चालणाऱ्या जागेस कारखाना म्हणण्यासाठी दहा माणसे पुरत, तेथे वीस लागू लागली. ठेकेदारी कामगारांचा कायदा वीस माणसांस लागू होता, तो पन्नासांस लागू झाला. आणि प्रतिनिधी संघटना म्हणून नोंद होण्यास शेकडा १५ सभासद हवे असत, ते ३० हवे झाले. आमच्या चहावाल्याच्या बाकावरील तो गृहस्थ सकाळी ज्या शेडीत शिरतो, ती बारा माणसांची शेड कारखाना नव्हे असे या दुरुस्तीने ठरविले. विटा त्याच, भट्टी तीच, हातावरील भाजल्याचे डागही तेच. केवळ कायद्याच्या दृष्टीने ती वास्तू अदृश्य झाली.

पुढे दिल्लीने हाच कित्ता गिरविला. सप्टेंबर २०२० मध्ये, विरोधी सभासदांनी बहिष्कार घातलेला असताना, औद्योगिक संबंध संहिता संमत झाली. तीत तीनशेचा आकडा आला. त्याच वेळी संमत झालेल्या दुसऱ्या संहितेत वीस आणि पन्नास हे आकडे आले. पाच वर्षे त्या संहिता अंमलाच्या तारखेची वाट पाहत राहिल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी ती तारीख उजाडली.

कायदा संमत होणे आणि कायदा अंमलात येणे यांत किती अंतर असू शकते, हे आम्हां कारकुनांइतके कोणास ठाऊक असणार? तेव्हा एक जुनी फाईल उघडतो. ना. म. जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांस संरक्षण देण्याचा ठराव मांडला. परक्या सरकारने १९२६ साली कायदा केला आणि १ जून १९२७ पासून तो लागूही केला. त्या कायद्याने संघटनेची नोंद होई, परंतु मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे असे बंधन नव्हते. ती उणीव भरून काढण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी मजूर खात्याचे सभासद असताना १९४३ साली आणले. अखेर स्वातंत्र्य मिळाल्यावर चारच महिन्यांनी, डिसेंबर १९४७ मध्ये, मान्यतेची सक्ती करणारी दुरुस्ती संमत झाली. तिच्या अंमलाची तारीख मात्र कधीच निघाली नाही. परक्यांनी ज्या कामास एक वर्ष घेतले, ते स्वकीयांच्या हातून झालेच नाही!

आता कोणी म्हणेल की, नव्या संहितेत मान्यतेची तरतूद आहे. आहे, आणि तिचे स्वागत आम्ही करतो. शेकडा ५१ कामगार ज्या संघटनेमागे असतील तिच्याशी मालकास वाटाघाटी कराव्या लागतील. परंतु त्याच संहितेने पुढे काय केले आहे? पूर्वी केवळ लोकोपयोगी सेवांत संपाची आगाऊ नोटीस लागे. आता ती प्रत्येक उद्योगास लागू झाली. नोटिशीनंतर चौदा दिवस संप नाही. त्या मुदतीत तडजोडीची कार्यवाही सुरू झाली की ती चालू असेतो आणि संपल्यावर सात दिवस संप नाही. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच! बेकायदा संपात उतरलेल्या कामगारास हजार ते दहा हजार रुपये दंड, किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. वाटाघाटीच्या मेजावर खुर्ची दिली खरी, पण खुर्चीतून उठून जाण्याची सोय काढून घेतली. उठून जाता येत नाही त्याच्या बोलण्यास वाटाघाट म्हणत नाहीत, विनवणी म्हणतात.

हे नवे नाही. १९३७ साली मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ आले. लोकांचे राज्य आले म्हणून कामगारांनीही गुलाल उधळला असेल. पुढच्याच वर्षी त्या मंत्रिमंडळाने संपावर निर्बंध घालणारे विधेयक आणले. डॉ. आंबेडकरांनी त्यास कडाडून विरोध केला. संपाबद्दल शिक्षा करणे म्हणजे माणसाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध काम करवून घेणे होय, असा त्यांचा मुद्दा होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला, तरी विधेयक संमत झालेच. राज्यकर्त्यांच्या टोप्या बदलतात. कामगाराने गप्प बसावे ही अपेक्षा टोपीबरोबर उतरत नाही.

आणि गिरण्यांविषयी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप हा संघटनांच्या अतिरेकाचा दाखला म्हणून सांगितला जातो. डॉ. दत्ता सामंतांच्या डावपेचांत चुका नव्हत्या असे आमचे म्हणणे नाही. परंतु १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेस प्रतिनिधित्वाचा मक्ता दिला होता, आणि सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर असतानाही कायदा त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना नको असलेल्या त्या संघटनेकडेच ठेवीत होता, हे आमचे वयोवृद्ध स्नेही का विसरतात? आपली संघटना आपण निवडण्याचा हक्क तेथे फार नव्हता. तो फार थोडा होता.

आता आमच्या स्वतःच्या ताटाकडे पाहू. वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढला की कचेरीत पेढे वाटले जातात. तो भत्ता आकाशातून पडला नाही. जुलै १९६० च्या संपात आमच्या आधीच्या कारकुनांनी अटक व निलंबन पत्करले. १९६६ साली संयुक्त सल्लागार यंत्रणा आली. १९ सप्टेंबर १९६८ च्या एका दिवसाच्या संपात काहींनी प्राण गमावले. त्यांच्या पुण्याईवर आम्ही जेवतो आणि बारा माणसांच्या शेडीस "पीडा नको" म्हणतो! शिवाय एक गोष्ट आम्हां सरकारी नोकरांस विशेष लागावी अशी आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा भारत १९१९ पासूनचा सभासद. तरीही संघटनास्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा (१९४८) व सामुदायिक वाटाघाटींचा ९८ क्रमांकाचा (१९४९) करार आपण मान्य केलेले नाहीत. कारण काय सांगितले जाते? सरकारी नोकरांवरील निर्बंध! म्हणजे आमच्या वर्तणूक नियमांतील सातवा नियम शाबूत राहावा यासाठी ओतकाम करणाऱ्याच्या हक्कास जागतिक कराराचा आधार मिळत नाही. आमच्या नावाने दुसऱ्याचे दार बंद असताना आम्हीच त्याची चेष्टा करावी, यास काय म्हणावे?

चहाच्या बाकावरील त्या गृहस्थास आम्ही सांगितले की, नोंदणीच्या अर्जास सात सह्या पुरतात. त्याने विचारले, आठव्या दिवशी फाटक बंद झाले तर? सूडबुद्धीने कामावरून काढणे कायद्यात निषिद्ध आहे, हे आम्ही सांगितले. न्यायाधिकरणाचा निकाल लागेतो त्याचे घर कसे चालावे, हे आम्हांस सांगता आले नाही. तरी त्याने नमुना मागितला. परवा रविवारी बसून आम्ही तो हिंदीत लिहून दिला, आणि सात सह्या जमल्यास त्या बारा जणांच्या वर्गणीत पहिल्या वर्षी आमचीही भर राहील, असे कळविले. मंडळींपैकी कोणास त्यात सामील व्हावयाचे असल्यास पुढील बैठकीत विषय आम्हीच काढणार आहोत, मोदक येण्यापूर्वी.