बसून कामं सांगणारा म्हातारा

आमच्या वन्संचं ठाम मत आहे की व्हिडिओ गेमवाले म्हाताऱ्या माणसाला खलनायक करतात ते मुद्दाम. पोरांच्या मनातून वडीलधाऱ्यांचा मान जावा म्हणून. (वन्सं हे वाचतात, तेव्हा जपून लिहिते आहे!) माझं मत जरा वेगळं आहे. तोंडी सांगायला गेले तर चहा गार होईपर्यंत वाद झाला आणि निकाल काही लागला नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ज्या म्हाताऱ्यावरून हे सगळं झालं त्याचं नाव साल्वातोरे लिओने. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ हा गेम ऑक्टोबर २००१ मध्ये आला. माझा भाचा तेव्हा कॉलेजात होता आणि रात्र रात्र तो खेळायचा. आता तो चाळिशीत आहे आणि मावशीला हौस आली म्हटल्यावर त्यानं मला तो लॅपटॉपवर शेजारी बसवून दाखवला. हा गेम मोठ्यांसाठीच आहे, लहान मुलांच्या हातात देऊ नये, हे आधीच सांगून टाकते. मारामारी, शिव्या, नको नको ते सगळं त्यात आहे. पण मला बोलायचंय ते त्या म्हाताऱ्याबद्दल.

गोष्ट घडते ती लिबर्टी सिटी नावाच्या, न्यूयॉर्कवर बेतलेल्या शहरात. साल्वातोरे तिथल्या इटालियन माफिया घराण्याचा प्रमुख. हा स्वतः काहीच करत नाही. बसून कामं सांगतो. नायक क्लॉड तुरुंगाच्या वाटेवरून सुटलेला, हातात पैसा नाही, ओळख नाही. आधी त्याला साल्वातोरेचा क्लब चालवणारा लुईजी कामं देतो, मग मुलगा जोई, मग टोनी, आणि शेवटी खुद्द साहेबांपुढे उभं राहायला मिळतं. शिपाई, कारकून, हेडक्लार्क, साहेब, तशीच ही उतरंड. नकाशावर साल्वातोरेच्या घरापाशी इंग्रजी ‘एस’ अक्षर येतं. तिथे जायचं, काय ते ऐकायचं, करायचं, पैसे घ्यायचे.

आता गंमत बघा. हा क्लॉड अख्ख्या गेममध्ये एक शब्द बोलत नाही. ‘का’ विचारत नाही, ‘नाही’ म्हणत नाही. मी इतकी वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं. मुख्याध्यापकांना अर्ज लिहायचा तर खाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’. हे नसेल तर अर्धा गुण कापायचा, असा नियमच होता. त्या मायन्यात बसेल असा विद्यार्थी शोधायचा तर क्लॉडसारखा दुसरा सापडणार नाही.

आणि त्याला बक्षीस काय मिळतं? फितूर निघालेल्या बारवाल्याचा तो काटा काढतो. कोलंबियन टोळीचं मादक पदार्थ बनवणारं जहाज उडवायला मदत करतो. त्यानंतर साल्वातोरे त्याला आणखी एक किरकोळ काम सांगतो, अमुक ठिकाणी गाडी उभी आहे, तेवढी तिची विल्हेवाट लाव. त्या गाडीत बॉम्ब असतो.

कारण असं की साल्वातोरेची तरुण बायको मारिया त्याला सांगून बसलेली असते की तिचं आणि क्लॉडचं जमलंय. थाप असते ती, नवऱ्याला जळवायला मारलेली. पण म्हातारा चौकशी करत नाही. इतकी कामं ज्यानं बिनबोभाट केली त्याला बोलावून एक प्रश्न विचारावा, तेही नाही. मारियाच पेजरवर निरोप धाडून क्लॉडला सावध करते म्हणून तो वाचतो. भाच्यानं मुद्दाम निरोपाकडे दुर्लक्ष करून गाडीत बसून दाखवलं. धडाम! मी दचकले आणि तो हसत सुटला.

मला वाटतं, लिहिणाऱ्यांनी म्हातारपण इथे बरोबर ओळखलंय. साल्वातोरे वाईट आहे तो त्याच्याकडे बंदुका आहेत म्हणून नव्हे. बंदुका त्या शहरात सगळ्यांकडेच आहेत. आपल्यावाचून चाललं तर काय, ही भीती त्याला लागली आहे. मग जो जास्त कामाचा त्याच्यावर जास्त संशय. अशी माणसं कुटुंबांत, संस्थांमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. बंदुकीशिवाय.

दुसरी एक गोष्ट मला फारच आवडली. २००१ च्या गेममध्ये साल्वातोरे मरतो. पण पुढचे दोन गेम काळात मागे जातात. २००४ चा ‘सॅन अँड्रियास’ १९९२ सालात घडतो. तिथे साल्वातोरे लास व्हेंचुरासमधल्या कॅसिनोच्या मागे आहे, आणि तिथेच वेट्रेसचं काम करणारी मारिया त्याला भेटते. २००५ चा ‘लिबर्टी सिटी स्टोरीज’ १९९८ मधला. तिन्हींत त्याला आवाज फ्रँक व्हिन्सेंट या नटाचा (हे २०१७ मध्ये वारले). म्हणजे ज्यानं आधी पहिला गेम खेळला, त्याला पुढे त्याच म्हाताऱ्याची चाकरी करताना पक्कं ठाऊक असतं की हा निष्ठेची परतफेड कशी करणार आहे.

१९९८ च्या त्या कथेत जेडी ओटूल नावाचा एक जण आहे. शत्रूच्या घराण्यातून फुटून साल्वातोरेच्या उपयोगी पडलेला. तुला आता रीतसर घराण्यात घेणार म्हणून त्याला थाटात गाडीत बसवून नेतात आणि गोळी घालतात. जो त्यांच्याशी बेइमान झाला तो आपल्याशीही होईल, हा साल्वातोरेचा हिशोब. तर्क म्हणून चूक काढता येत नाही, आणि तरी अंगावर काटा येतो. गाडी चालवायला टोनी, म्हणजे खेळणारा आपणच.

कुणी म्हणेल, या सगळ्या कल्पना. पण सिसिलीचा बर्नार्दो प्रोव्हेंझानो खरा होता. त्रेचाळीस वर्षं फरार राहून एप्रिल २००६ मध्ये तो कॉर्लेओने गावाजवळच्या एका शेतघरात सापडला, तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता. म्हणजे जवळजवळ आमच्याच वयाचा. फोन वापरायचा नाही. टाइपरायटरवर छोट्या छोट्या चिठ्ठ्या लिहायच्या, माणसांना नावांऐवजी आकडे द्यायचे आणि चिठ्ठ्या हातोहात पोचवायच्या. चिठ्ठीच्या शेवटी देव तुमचं रक्षण करो, असा आशीर्वाद. आज्ञाधारक मायना लिहिणारे एका टोकाला आणि असा आशीर्वाद देणारा दुसऱ्या टोकाला, यांची जोडी छान जमते!

तेव्हा वन्सं, पोरांच्या मनातून असल्या वडीलधाऱ्याचा मान गेला तर जाऊ दे. मान देण्याआधी माणूस बघावा, हे कळायला त्याहून स्वस्त शिकवणी नाही.

माझी तक्रार निराळीच आहे. बॉम्बातून वाचल्यावर क्लॉड मारियाबरोबर शहराच्या दुसऱ्या बेटावर जातो. तिथे असुका नावाची जपानी टोळीची बाई त्याला पहिलंच काम सांगते ते साल्वातोरेला मारायचं. माफियाशी संबंध तोडलास हे सिद्ध कर म्हणते. लुईजीच्या क्लबातून बाहेर पडताना म्हाताऱ्याला गाठून क्लॉड त्याला मारतो. मुकाट्यानं, पहिल्यासारखाच. नकाशावर फक्त अक्षर बदललेलं.

मी भाच्याला विचारलं, “हिचं काम नाही केलं तर?”

“मग गोष्ट पुढे सरकत नाही, मावशी. नुसतं गाडी घेऊन गावभर हिंडत बसायचं.”

“मग हिंड की,” म्हटलं.

त्यानं पाच मिनिटं हिंडून दाखवलं. पूल, गोदी, रेडिओवर गाणी, पाऊसही पडत होता. सेंट मार्क्स भागात शिरल्यावर मात्र साल्वातोरेची माणसं गाडीवर बंदुका झाडायला लागली. त्यांनाही थांबा म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं.